आमची वाटचाल: खाऱ्या पाण्यासाठी संत्र्याचे खुंट

आमची टिश्यू कल्चर लॅब (झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणारी) केळीच्या रोपांवर उभी राहिली आणि आजही केळीच घर चालवते. लिंबूवर्गीय खुंटांकडे, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर संत्र्याचं कलम करतात त्यांच्याकडे, आम्ही वळलो ते पूर्णेच्या खोऱ्यातल्या मागणीमुळे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातून एकच विचारणा येई: खारं पाणी सोसणारा संत्रा आहे का? खुंटावर भरतात त्या संत्र्याच्या डोळ्यात (कळीत) तो गुण शोधून उपयोग नाही. सोसायचं असतं ते खुंटाने. खुंटांपैकी जंबेरी पाण्यातल्या मिठाचं क्लोराइड सरळ पानांपर्यंत जाऊ देते. रंगपूर लाइम आणि क्लिओपात्रा ते बऱ्याच अंशी मुळाशीच अडवतात. ट्रायफोलिएट हा खुंट मिठातलं सोडियम अडवतो, पण क्लोराइडपुढे हार खातो.

रंगपूरच्या बियांत बहुभ्रूणता (एका बीत अनेक भ्रूण) असल्याने बहुतेक रोपं आईसारखीच येतात, मग टिश्यू कल्चरचा खर्च कशाला, असं रोपवाटिकावाले विचारतात. साध्या रंगपूरसाठी तो करूच नये, बी पुरतं. पण खाऱ्या शेतात तग धरलेलं एखादं निवडक झाड किंवा कमी बी धरणारा संकर वाढवायचा, तर बियांवर भागत नाही. शिवाय हे बी वाळलं की उगवण जाते, त्यामुळे वर्षभर हाताशी ठेवता येत नाही.

मातृवृक्ष आम्ही नेटहाऊसमध्ये छाटून ठेवतो आणि ट्रिस्टेझा व ग्रीनिंग या रोगांची तपासणी झाल्याशिवाय त्याची फांदी कापत नाही. टिश्यू कल्चरने रोप आपोआप विषाणूमुक्त होत नाही, हे ग्राहकाला दरवेळी सांगावं लागतं. कोवळ्या फुटीचे एक-दीड सेंटिमीटरचे, एक डोळा असलेले तुकडे वाहत्या पाण्यात धुवायचे, अर्धा मिनिट ७० टक्के अल्कोहोल, मग ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइड पाच ते आठ मिनिटं, आणि निर्जंतुक पाण्याने तीन वेळा धुणं. हे पाऱ्याचं द्रावण मोरीत सोडायचं नाही, वेगळ्या कॅनमध्ये साठवायचं. पावसाळ्यात उघड्यावरच्या झाडाची फांदी घेतली, तर बाटलीत तळाशी दुधट थर हमखास दिसतो. तो जिवाणूंचा असतो आणि फांदीच्या आतूनच येतो, त्यामुळे धुण्याची वेळ वाढवून काही साधत नाही.

मग तुकडे एमएस माध्यमात (बाटलीतलं क्षारयुक्त पोषक खाद्य) लावायचे: लिटरला ३० ग्रॅम साखर, ८ ग्रॅम अगार, १ मिलिग्रॅम बीएपी (फूट आणणारं संप्रेरक) आणि पीएच ५.८. बीएपी वाढवलं की फूट जास्त येते, पण काचेसारखी, पाणचट. ती पुढे मुळं धरत नाही. लिंबूवर्गाचा खास त्रास पानगळीचा. घट्ट बुचाच्या बाटलीत इथिलीन वायू साचतो आणि हिरवीगार पानं गळून तळाशी पडतात. हवा खेळती ठेवणारं झाकण वापरलं की बरंच निभावतं. मुळांसाठी माध्यमातले क्षार निम्मे करून एनएए (मुळं आणणारं संप्रेरक) लिटरला ०.५ ते १ मिलिग्रॅम. हार्डनिंगला, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावायला, कोकोपीट, सुरुवातीला ८५ ते ९० टक्के आर्द्रता, मग हळूहळू कमी.

क्षारांची चाचणी बाटलीत करण्याचा मोह होतो, कारण माध्यमात मीठ घालणं सोपं. पण क्लोराइड अडवण्याचं काम मुळांचं. मुळं नसलेली फूट बाटलीत टिकली म्हणून काहीच सिद्ध होत नाही. आम्ही कुंडीतल्या मुळं धरलेल्या रोपांना मीठ टप्प्याटप्प्याने वाढवत लिटरला २.९ ग्रॅमपर्यंत नेतो. एकदम दिलं तर कुठलंही रोप पानं टाकतं आणि चाचणी वाया जाते. शेजारी जंबेरी ठेवायचीच. तिच्या जुन्या पानांची टोकं आधी करपतात. डोळ्यांनी ठरवायचं नाही, पानं वाळवून क्लोराइड मोजायचं, ०.७ टक्क्याच्या वर गेलं तर तो खुंट बाद.

इतकं करूनही खुंटाला मर्यादा आहेतच. मातीच्या अर्काची ईसी (क्षार किती ते सांगणारी विद्युतवाहकता) १.७ डेसीसायमन प्रति मीटरच्या आसपास गेली की लिंबूवर्गाचं उत्पन्न घटू लागतं; चांगला खुंट घट कमी करतो, थांबवत नाही. चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या, जमिनीत तर दुखणं वेगळंच. सोडियमने माती बसते, पाणी मुरत नाही आणि डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो. क्लिओपात्राही भारी, चिबड (पाणी साचणाऱ्या) जमिनीत याला बळी पडते. तिथे आधी जिप्सम, चर आणि गादीवाफा. म्हणून आम्ही माती-पाण्याचा अहवाल पाहूनच ऑर्डर घेतो. डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर भरायचा आणि लावताना तो मातीखाली जाऊ द्यायचा नाही; संत्र्याच्या खोडाला मुळं फुटली की खुंटाचे पैसे वाया.