प्रोस्टेटायटिस वारंवार उलटतो तेव्हा: आधी लघवी तपासा, मग गोळी

प्रोस्टेटायटिसचा (पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीच्या सुजेचा) त्रास पुन्हा सुरू झाला की बहुतेक जण मागच्या वेळची चिठ्ठी शोधतात आणि अँटिबायोटिकचा तोच कोर्स परत चालू करतात. चार दिवसांत बरं वाटतं, महिन्या-दोन महिन्यांत दुखणं पुन्हा उलटतं आणि मग आधीपेक्षा जास्त ताकदीची गोळी येते. या आजारात सगळ्यात जास्त नुकसान कशाने होत असेल, तर ते या चक्राने होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. जंतू आहेत की नाहीत हे न पाहताच त्यांच्यावर औषध चालू राहतं आणि दुखण्याचं खरं कारण तसंच राहून जातं.

त्याआधी एक गोष्ट. थंडी वाजून ताप, अंगदुखी, लघवी अजिबात न उतरणं किंवा थेंब थेंब उतरणं, गुदद्वाराजवळ जोराचा ठणका, ही लक्षणं असतील तर घरी बसून पुढचं वाचू नका. तो तीव्र जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्याला त्याच दिवशी रुग्णालय लागतं. अशा वेळी प्रोस्टेटचा मसाज करायचा नसतो, कारण जंतू रक्तात उतरण्याचा धोका असतो. औषध सुरू होऊन दोन दिवस झाले तरी ताप हटत नसेल, तर ग्रंथीत गळू झालं आहे का हे पाहावं लागतं.

आता वारंवार उलटणाऱ्या दुखण्याबद्दल. डॉक्टर प्रोस्टेटायटिसचे चार प्रकार मानतात. पहिला म्हणजे वर सांगितलेला तीव्र संसर्ग. दुसरा जुनाट जंतुसंसर्ग. तिसरा जुनाट ओटीपोटदुखीचा, ज्यात जंतू सापडत नाहीत. चौथ्यात तक्रारच नसते, दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत सूज दिसते इतकंच. यांत तिसऱ्या प्रकाराचे रुग्ण नव्वद टक्क्यांहून अधिक असतात. म्हणजे वारंवार त्रास होणाऱ्या बहुतेकांच्या ग्रंथीत मारण्यासारखे जंतूच नसतात.

दुसरा प्रकार ओळखायची खूण सोपी आहे: लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, दरवेळी कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत) तोच जंतू (बहुधा ई. कोलाय) निघतो आणि मधल्या काळात माणूस बराच ठीक असतो. तिसऱ्यात कल्चर स्वच्छ येतं, पण वृषण आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेत, जांघेत, ओटीपोटात, लिंगाच्या टोकाशी दुखत राहतं. बसल्यावर वाढतं. वीर्यपतनानंतर जळजळतं. लघवीला सारखं जावंसं वाटतं.

म्हणून त्रास उठला की पहिलं काम लघवीचा नमुना देण्याचं, आणि तोही पहिली गोळी पोटात जाण्याआधी. एक गोळी घेतली तरी कल्चर खोटं 'स्वच्छ' येऊ शकतं. शिश्नाग्राची कातडी मागे घेऊन साध्या पाण्याने धुवा, सुरुवातीची धार सोडून द्या, मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्या आणि बाटलीच्या काठाला किंवा आतल्या बाजूला बोट लावू नका. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवा. ते जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर तसाच राहिला तर जंतू वाढतात आणि नसलेला संसर्ग कागदावर दिसू लागतो.

साध्या कल्चरने उलगडा झाला नाही, तर दोन नमुन्यांची चाचणी मागा. तिला महागडं यंत्र लागत नाही, तरी ती फार कमी केली जाते. मूत्राशयात बऱ्यापैकी लघवी असताना मधल्या धारेचा पहिला नमुना घेतात आणि थोडी लघवी आत राखून ठेवायला सांगतात. मग डॉक्टर गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट मिनिटभर चोळतात. हे बरं वाटणारं नसतं, पण लवकर आटोपतं. त्यानंतर येणारी पहिली साधारण 10 मिलिलिटर लघवी हा दुसरा नमुना. जंतू फक्त दुसऱ्यात निघाले, किंवा दुसऱ्यात दसपट निघाले, तर ते प्रोस्टेटमधले. दोन्ही नमुने स्वच्छ असतील तर तिसरा प्रकार धरून चालायचं. मूत्राशयातच संसर्ग असेल तर दोन्हींत जंतू येतात आणि तुलना करता येत नाही, म्हणून आधी तो बरा करावा लागतो. नुसत्या वीर्याच्या कल्चरवर विसंबू नका. मूत्रमार्गातले आणि कातडीवरचे जंतू त्यात सहज मिसळतात आणि त्यांच्यावरच औषध सुरू होतं. सोनोग्राफीच्या अहवालात 'प्रोस्टेटमध्ये कॅल्सिफिकेशन' (चुन्याचे कण साठणं) वाचूनही घाबरायचं कारण नाही. ते तक्रार नसलेल्या पुष्कळ पुरुषांतही दिसतं.

लघवीत पू पेशी आहेत पण कल्चर स्वच्छ, असं वारंवार येत असेल तर क्लॅमिडियासारख्या लैंगिक संसर्गाची आणि क्षयाची तपासणी वेगळी सांगावी लागते, कारण साध्या कल्चरमध्ये हे जंतू वाढत नाहीत. फ्लुरोक्विनोलोन गटाच्या गोळ्या (सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन) क्षयाच्या जंतूंवरही थोडंफार काम करतात, त्यामुळे त्यांचे कोर्स घेत राहिलं तर क्षयाचं निदान लांबतं. लघवीत रक्त दिसलं तर, विशेषतः धूम्रपान करणाऱ्याने, मूत्राशयाची तपासणी करून घेतलीच पाहिजे. तिथे 'प्रोस्टेटच असेल' म्हणून वेळ काढू नये.

जंतू सापडले तर अँटिबायोटिक घ्यायचं आणि पुरतं घ्यायचं. प्रोस्टेटच्या पेशींमधून आत शिरणारी औषधं मोजकी आहेत: सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्झाझोल ही जोडी, काही वेळा डॉक्सिसायक्लिन किंवा फॉस्फोमायसिन. नायट्रोफ्युरँटोइन मूत्राशयातल्या संसर्गावर चांगलं, पण प्रोस्टेटमध्ये पुरेसं पोहोचत नाही. ते घेऊन लघवी स्वच्छ होते आणि ग्रंथीतला संसर्ग तसाच राहतो. जुनाट जंतुसंसर्गात कोर्स साधारण चार ते सहा आठवड्यांचा असतो, म्हणून सात दिवसांच्या कोर्सने 'फरक पडला नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असताना दोन चुका फार होतात. पहिली, गोळी नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर घेणं, नाहीतर कॅल्शियम, लोह, झिंक किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधाजवळ घेणं. ही खनिजं गोळीला धरून ठेवतात आणि औषध रक्तात उतरत नाही. या पूरक गोळ्यांच्या किमान 2 तास आधी किंवा 6 तास नंतर सिप्रो घ्यायची. दुसरी चूक जास्त धोक्याची आहे. ओटीपोटाचे स्नायू सैल पडावेत म्हणून टिझानिडिन दिलेलं असतं आणि वेगळ्या डॉक्टरांनी सिप्रो दिलेली असते. ही दोन औषधं एकत्र घ्यायची नाहीत. सिप्रोमुळे टिझानिडिनचं रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं, रक्तदाब कोसळतो आणि माणूस गुंगतो. शिवाय फ्लुरोक्विनोलोन गटाच्या कोणत्याही गोळीने टाच किंवा पोटरी अचानक दुखू लागली तर गोळी थांबवून डॉक्टरांना लगेच कळवा. स्नायू हाडाला जोडणारा दोर (टेंडन) तुटू शकतो. साठीच्या पुढे आणि स्टिरॉइड चालू असताना हा धोका वाढतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर एकदम उतरू शकते, तिच्यावर लक्ष ठेवा.

'पण मला तर अँटिबायोटिकने दोन दिवसांत बरं वाटतं,' असं पुष्कळ जण सांगतात. ते खोटं नसतं. यांतल्या काही औषधांना सूज कमी करण्याचा स्वतंत्र गुण आहे, आणि तिसऱ्या प्रकारातला भडका काही दिवसांनी आपोआपही ओसरतो. त्यामुळे बरं वाटलं म्हणजे जंतू होते, हे सिद्ध होत नाही. तिसऱ्या प्रकारात एकदा पुरेसा कोर्स करून पाहायला हरकत नसते. त्याने फरक पडला नाही, तर कल्चर स्वच्छ असताना दुसरा, तिसरा, चौथा कोर्स घेऊ नये.

मग तिसऱ्या प्रकारात करायचं काय? सगळ्यांना चालेल असं एक औषध नाही. म्हणून अलीकडे डॉक्टर तक्रारी सहा खणांत वाटून पाहतात: लघवीच्या तक्रारी, मनावरचा ताण, खुद्द ग्रंथी, संसर्ग, मज्जातंतू आणि स्नायूंचा कडकपणा. ज्या खणात तक्रार जास्त, तिथला उपचार.

लघवीची धार बारीक, सुरू व्हायला वेळ लागतो, पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही, असं असेल तर टॅमसुलोसिन 0.4 मिलिग्रॅम किंवा अल्फुझोसिन 10 मिलिग्रॅम यांचा उपयोग होतो. पण आठवड्याभरात निकाल मागू नका, सहा ते बारा आठवडे द्या. टॅमसुलोसिन रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्या. रिकाम्या पोटी घेतल्यास उठताना चक्कर येण्याची शक्यता वाढते. वीर्य कमी येणं किंवा अजिबात बाहेर न येणं हा याचा माहीत असलेला परिणाम आहे, औषध थांबवल्यावर तो जातो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर नेत्रशल्यचिकित्सकांना या गोळीबद्दल आधी सांगा. ती बंद केल्यानंतरही बाहुलीवर तिचा परिणाम राहू शकतो.

दुखण्यासाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या भडक्याच्या काही दिवसांपुरत्या ठीक. महिनोन्महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडं भोगतात. जळजळ, झिणझिण्या, हलक्या स्पर्शानेही दुखणं, अशा मज्जातंतूंच्या तक्रारींत रात्री 10 मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलिनपासून सुरुवात करतात. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते आणि प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी तुंबू शकते, तेव्हा ती स्वतःच्या मनाने सुरू करायची नाही. क्वेर्सेटिन हा वनस्पतींमधला पदार्थ (500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, महिनाभर) आणि परागकणांचा अर्क यांचा काही रुग्णांना फायदा झाल्याचं लहान अभ्यासांत दिसलं आहे. करून पाहा, पण तेवढ्यावर विसंबून राहू नका.

सगळ्यात दुर्लक्षित खण स्नायूंचा. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले स्नायू सतत आवळलेले राहिले की दुखणं नेमकं प्रोस्टेटचं वाटतं. फिजिओथेरपिस्ट हातमोजा घालून गुदद्वारातून एकेक स्नायू दाबून पाहतात. ठरावीक गाठीवर दाब पडताच नेहमीचीच कळ जशीच्या तशी उठली, तर दुखण्याचा मोठा भाग तिथूनच येतो आहे असं समजावं. अशी सत्रं साधारण आठवड्याला एक, दहाएक वेळा करतात. हे काम शिकलेला फिजिओथेरपिस्टच शोधा, पाठीचे व्यायाम देणाऱ्या प्रत्येकाला ते येत नाही.

इथे एक उलटा सल्ला सर्रास दिला जातो: केगेल करा. आधीच आवळलेल्या स्नायूला आणखी आवळायचा हा व्यायाम दुखणं वाढवतो. मूलबंध आणि अश्विनी मुद्रेतही तेच स्नायू आवळले जातात, त्रास चालू असताना तेही नको. करायचं ते याच्या बरोबर उलट. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, एक हात पोटावर ठेवा. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत घ्या, पोट वर येऊ द्या आणि त्याच वेळी गुदद्वाराचा भाग हलकेच खाली, बाहेरच्या बाजूला सैल पडतो आहे याकडे लक्ष द्या. सहा मोजेपर्यंत श्वास सोडा, सोडताना काहीही आवळू नका. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. बहुतेकांची चूक होते ती सैल सोडण्याऐवजी शौचाला बसल्यासारखा जोर लावण्यात. श्वास अडला किंवा हाताखालचं पोट कडक झालं, की जोर लागतो आहे हे ओळखा. लघवी सुरू होण्याच्या क्षणी आत जे 'सुटतं', तीच जाणीव इथे हवी. ती सापडायला काही आठवडे लागतात, तोवर सोडू नका.

भडका उठल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत ताप मोजा, नमुना द्या आणि मग शेक घ्या. टबात साधारण 40 अंश सेल्सिअसच्या पाण्यात कमरेपर्यंत 10 ते 15 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. फार गरम पाण्याने स्नायू सैल पडत नाहीत, कातडी मात्र भाजते. टॅमसुलोसिन चालू असेल तर टबातून उठताना आधार धरा, रक्तदाब एकदम उतरतो. मूल हवं असलेल्यांनी हा शेक रोजची सवय करू नये, सततच्या उष्णतेने शुक्राणू कमी होतात.

दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठा. मध्ये गोल भोक असलेल्या उशीपेक्षा मागून कापलेली यू आकाराची उशी चांगली, कारण गोल उशीची पुढची कड नेमकी दुखऱ्या जागी टेकते. सायकल काही आठवडे बाजूला ठेवा, त्याऐवजी झपझप चाला. शौचाला बसताना पायांखाली छोटं स्टूल घेऊन गुडघे कमरेच्या वर ठेवा आणि कुंथू नका. बद्धकोष्ठता असताना बाकीचे उपचार अर्धेच लागू पडतात. मद्य, कॉफी, तिखट यांपैकी काय बाधतं हे माणसागणिक बदलतं. सगळं एकदम सोडू नका, एकेक गोष्ट दोन आठवडे बंद करून पाहा. 'असू दे, जाऊन येऊ' म्हणून लघवीला जाण्याची सवय मूत्राशयाला थोड्या लघवीतच घाई करायला शिकवते. दोन वेळांतलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्या.

उपचार लागू पडतो आहे का, हे आठवणीवर सोडू नका. भडक्याच्या दिवशी सगळंच वाया गेलं असं वाटतं. एनआयएच-सीपीएसआय ही या आजाराचा त्रास मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली दर दोन आठवड्यांनी भरा. गुण 0 ते 43, जास्त म्हणजे त्रास जास्त. सहा किंवा अधिक गुणांनी उतार पडला तर तो खरा फरक समजतात. तीन महिन्यांत तेवढा उतार नसेल, तर तोच कागद घेऊन युरॉलॉजिस्टकडे जा आणि उपचार बदलायला सांगा. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर तेही त्याच भेटीत सांगा. दुखण्याची भीती स्नायू आणखी आवळते, म्हणून मनावरचा उपचार हा या आजाराच्या उपचाराचाच भाग आहे.

दोन शंका नेहमी असतात. तिसरा प्रकार जोडीदाराला लागत नाही. जोडीदारावर उपचार फक्त लैंगिक संसर्ग तपासणीत निघाला तरच. आणि पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या एका प्रथिनाची रक्ततपासणी): संसर्गात आणि भडक्यात हा आकडा वाढतो, त्यावरून कर्करोगाचा निष्कर्ष काढायचा नसतो. संसर्ग बरा झाल्यावर सहा ते आठ आठवडे थांबा, तपासणीआधी दोन दिवस वीर्यपतन आणि सायकल टाळा आणि मगच रक्त द्या. तरीही आकडा चढाच राहिला, तर पुढच्या तपासण्या करायच्या.