शिर्डीच्या एक्झिटवर
आज नागपूरहून येताना समृद्धीवर क्रूझ (ठरवलेला वेग धरणारी आणि पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी गाडीतली सोय) ११० ला लावलं होतं. पुढे ट्रक ८० ने चाललेला, म्हणून गाडीने आपणहून वेग उतरवला. शिर्डीच्या एक्झिटला मी डावीकडे घेतली, ट्रक सरळ गेला, आणि समोर मोकळं दिसताच गाडीने वळणावरच उसळी घेतली! पटकन ब्रेक दाबला म्हणून निभावलं. मागे बसलेल्या आईने माझा खांदा घट्ट धरला होता, तो अजून दुखतोय.

गाडीच्या लक्षात ११० च होते. वळण मला दिसतं, तिला नाही, एवढा विचार डिझाइन करताना व्हायला नको?

आणि क्रूझला पुढची वाहनं दाखवणारं रडार उभं वाहन ओळखेलच असं नाही, हे मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात. आपल्या हायवेवर कडेला किती ट्रक उभे असतात! शोरूममध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

परतीला क्रूझ लावणार नाही.