मान नसलेला मोर

आप्पांना जाऊन या श्रावणात वर्ष होईल. सोलापूरला उतरले की अजूनही रिक्षावाल्याला आधी नवी पेठच सांगितलं जातं माझ्याकडून, कारण लहानपणापासून तेच, आधी दुकानात जाऊन आप्पांच्या पाया पडायचं आणि मगच घर गाठायचं.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. चादरींचं दुकान होतं त्यांचं, फार मोठं नाही, एका वेळी चार गिऱ्हाइकं आली की पाचव्याला पायरीवर थांबावं लागायचं. पांढरी गादी, तिन्ही भिंतींना चादरींच्या थप्प्या आणि नव्या सुताचा आणि खळीचा तो वास, तो वास मला आजही कुठेही आला तरी मी मागे वळून बघते.

त्यांचा एक नियम होता, घडी मोडून दाखवल्याशिवाय चादर विकायची नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, आप्पा राहू द्या हो, गाडीची वेळ झालीय, तरी आप्पा उठायचे, चादर झटकून गादीवर पूर्ण पसरायचे, मग उलटी करून दाखवायचे की नक्षी दोन्ही अंगांनी आहे, वर पांढऱ्यावर लाल फूल तर खाली लालवर पांढरं. आणि मग डोळे मिटून तळहात एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत फिरवायचे. सावकाश. कुठे धागा तुटलेला असेल, गाठ राहिली असेल तर हात तिथे थांबायचा, आपल्याला नुसत्या डोळ्यांनी काहीच दिसायचं नाही. लगेच म्हणायचे, "हा पीस घरी ठेव," आणि दुसरी चादर काढायचे, पुन्हा झटकणं, पसरणं, हात फिरवणं. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, गर्दीतसुद्धा हेच.

मी एकदा विचारलं होतं की खराब पीस कारखान्यात परत का नाही देत. तेव्हा सातवीत असेन. ते म्हणाले, "बाळ, परत दिला की विणणाऱ्याच्या मजुरीतून कापतात. दिवसभर मागापुढं उभा राहतो तो माणूस." एवढंच. त्यामुळे आमच्या घरातली एकही चादर धड नव्हती. काकांच्या चादरीत मधोमध उभी रेघ, ताण्याचा धागा तुटलेला. आजीच्या चादरीत एका बाजूची किनारच नाही. आणि माझ्या चादरीवर मोर होता पण त्याला मान नव्हती, डोकं थेट पोटावर बसलेलं.

हे कसं झालं ते दाखवायला आप्पा मला अशोक चौकाकडे एका कारखान्यात घेऊन गेले. आत शिरल्याबरोबर त्या मागांचा खडखडाट थेट छातीत जाणवतो, बोललेलं ऐकूच येत नाही. मागाच्या वर जॅकार्ड, म्हणजे नक्षी उठवणारं यंत्र, आणि त्यातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची ओवलेली माळ फिरत असते, एकेक पुठ्ठा म्हणजे नक्षीतली एकेक ओळ. मधले काही पुठ्ठे गळले की मोराची मान गेली. आप्पा तिथल्या मास्तरांशी तेलुगूत बोलत होते, शहराच्या पूर्व भागातले बहुतेक विणकर पद्मशाली समाजाचे, घरी तेलुगूच. आणि दुकानात विजापूर-इंडीकडची माणसं आली की कन्नड. शाळा चौथीपर्यंत, पण तिन्ही भाषांत हिशोब तोंडी करायचे.

जानेवारी म्हणजे त्यांचा महिना. 12 तारखेला सकाळी दुकान उघडायच्या आधी चार पुतळ्यांपाशी फूल वाहायचे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, 1931 साली याच तारखेला येरवड्यात फाशी गेले ते चौघं स्वातंत्र्यसैनिक. आप्पांच्या वडिलांनी सोलापुरातला 1930 चा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, स्वतः पाहिलेला आणि ते सगळं घरात इतक्या वेळा सांगितलं गेलंय की आम्हालाच पाहिल्यासारखं वाटतं. आणि मग लगेच सिद्धेश्वरांची यात्रा, पांढरी बाराबंदी घालून आप्पा नंदीध्वजांच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीत, सातही काठ्या संमती कट्ट्यावर पोचून सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडल्याशिवाय अन्नाचा कण घ्यायचे नाहीत.

शेवटची दहा-बारा वर्षं मात्र धंदा उतरत गेला. 2005 च्या सुमाराला सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा पेपरातलं कात्रण त्यांनी गल्ल्यावर चिकटवलं होतं, पण त्यानं काही मिक्स धाग्याचा माल यायचा थांबला नाही, निम्म्या किमतीत तशीच दिसणारी चादर, नावही सोलापुरीच. आप्पा चिडायचे नाहीत. दोन्ही चादरींचा एकेक धागा काढायचे आणि काडी लावायचे. सुती धागा कागदासारखा जळून राख व्हायची, बोटानं चोळली की नाहीशी, आणि दुसऱ्याचा वितळून काळा कडक मणी. "हे अंगावर घेऊन झोपणार का?" एवढंच विचारायचे. बरीच माणसं तरी स्वस्तातलीच घेऊन जायची. मला त्या माणसांचा फार राग यायचा, खरं सांगायचं तर अजून येतो.

शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा काकांनी दुकानातली कोरी चादर आणून पांघरली, चांगल्यातली चांगली. आप्पा बोलत नव्हते, ओळखही नीटशी देत नव्हते, पण उजवा हात सारखा त्या चादरीवरून फिरायचा, काठापर्यंत जायचा, परत यायचा, दिवसरात्र तेच. डॉक्टर म्हणाले अशा अवस्थेत होतं असं. चौथ्या रात्री आजी म्हणाली, नवी चादर टोचत असेल गं त्यांना, खळ असते, जुनी धुऊन मऊ झालेली घाल. मी माझी मोराची आणली. पंचवीस वर्षांची, धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली.

हात पुन्हा फिरायला लागला. मोरापाशी आला आणि थांबला. थोडा मागे गेला, परत त्याच जागी. मी वाकून कान तोंडाशी नेला तेव्हा अगदी बारीक आवाज आला, "हा घरी ठेव."