चार बांध मोजले, पण शेत मोजायचं राहिलं

गेल्या आठवड्यात कराड तालुक्यातल्या एका उसाच्या रानात होतो. मी खासगी सर्वेअर. हद्द कायम करायची ती भूमी अभिलेख खात्यानं. आम्ही क्षेत्र आणि नकाशा काढून देतो. रानाचे मालक आबा, त्यांना तेवढंच हवं होतं. सातबाऱ्यावर ८० आर, म्हणजे ८००० चौरस मीटर, ७९ गुंठे. त्यांच्या हिशेबानं ८५ गुंठे. फरकाची जमीन शेजाऱ्यानं बांध कोरून खाल्ली, अशी त्यांची खात्री. अकरा वर्षं दोन्ही घरांत बोलणं नाही.

आबांनी वही काढली. बांध त्यांनी स्वतः टेपनं मोजलेले: १२०, ७०, ११० आणि ८० मीटर. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी ११५ आणि ७५, गुणाकार ८६२५ चौरस मीटर, भागिले १०१.१७, झाले ८५ गुंठे. ही रीत गावोगाव चालते, दलाल तर हिच्यावर सौदे ठरवतात, आणि मला हिचा मनापासून राग आहे. शेत काटकोनात असेल तरच ती बरोबर. कोन कलला की ती जास्तच दाखवते, कमी कधीच नाही.

बाजू मी मशीननं पुन्हा घेतल्या, आबांची मापं चोख होती. ऊस डोक्याच्या वर, त्यामुळे समोरचा कोपरा दिसायची सोय नव्हती. विहिरीच्या कोपऱ्यावर टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजायचं मशीन, लावलं, १२० आणि ७० च्या बांधांमधला कोन घेतला: ६६ अंश. दोन बाजू आणि मधला कोन मिळाला की तिसरी बाजू मशीन स्वतःच काढतं, त्याला आम्ही एमएलएम (मिसिंग लाइन मेजरमेंट) म्हणतो. आत कोसाइनचा नियमच बसवलेला असतो. पण आबा म्हणाले, "सायेब, पडद्यावरचं मला नको. कागदावर दाखवा."

प्रिझमची काठी धरायला त्यांची दहावीतली नात होती. तिला म्हटलं, लघुकोनाचं सूत्र आठवतं का? तिनं पाठ म्हटलं: दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज, वजा दोन गुणिले पाया गुणिले लंबापर्यंतचं अंतर. हाच कोसाइनचा नियम, फक्त कोसाइन हा शब्द न घेता. ७० च्या बांधाची १२० वरची सावली ७० गुणिले ०.४०६७ (६६ अंशांचा कोसाइन), म्हणजे २८.४७ मीटर. बांधावर तेवढं चालून खुंटी मारली, आबांना ती जागा दाखवली. मग १४४०० अधिक ४९००, वजा दोन गुणिले १२० गुणिले २८.४७, म्हणजे वजा ६८३३. उरले १२४६७. त्याचं वर्गमूळ म्हणजे शेताचा कर्ण, १११.६६ मीटर.

कर्णानं शेताचे झाले दोन त्रिकोण. एक ३८३७ चौरस मीटर, दुसरा हेरॉनच्या सूत्रानं, तिन्ही बाजूंवरून, ४१३३. बेरीज ७९७०. म्हणजे जवळजवळ सातबाऱ्याचे ८० आर.

आबा गप्प. मी म्हटलं, थांबा. त्याच कर्णावरून नियम उलटा फिरवला: समोरच्या, चिंचेच्या कोपऱ्यावरचा, ११० आणि ८० च्या बांधांमधला कोन ६९ अंश ५७ मिनिटं यायला हवा. आकडा त्यांच्याच वहीत त्यांच्याच हातानं लिहून घेतला, मशीन उचलून चिंचेखाली नेलं. ६९ अंश ५८ मिनिटं. नातीनं मोठ्यानं वाचलं. इतकी वर्षं हे काम करतोय, तरी अंगावर काटा आला.

मग चार कामट्या सुतळीनं बांधून चौकट केली आणि आबांच्या हातात दिली. त्यांनी एक कोपरा दाबला. बाजू तेवढ्याच, चौकट तिरकी झाली, आतली जागा आवळली. पुन्हा सरळ केली, पुन्हा दाबली. चार-पाच वेळा.

आमच्या धंद्यातल्या लोकांचा मला इथेच राग येतो, माझ्यासकट. आकडा देतो, नकाशा देतो, सही घेतो, निघतो. या रानाची पूर्वी मोजणी झाली होती, त्या मोजणीच्या नकाशाची 'क' प्रतही आबांच्या पिशवीत होती. क्षेत्र तेव्हाही बरोबरच आलं होतं. वहीतले ८५ का चुकले, हे कुणी पाच मिनिटं बसून सांगितलं नाही.

आबांनी माझा कागद घडी करून कोपरीच्या खिशात ठेवला. पलीकडच्या रानात शेजारी पाणी धरत होता. आबा बराच वेळ तिकडं बघत राहिले. मग विचारलं, "हे त्याला कुणी सांगायचं?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.