क्र्वा सें रोबेरचा उतार

क्लेरमाँ-फेराँ शहराच्या पश्चिमेला आणि नैऋत्येला फ्रान्सचा जुना ज्वालामुखी मुलूख पसरलेला आहे. ओव्हेर्न्य हे त्या प्रांताचं नाव. तिथे सायकलस्वारांचे लहान गट फिरवणं हे माझं काम. रस्ते निवडायचे, आदल्या रात्री नकाशा मांडून सगळ्यांना समजावून सांगायचे, आणि सकाळी सगळ्यात मागच्या स्वाराबरोबर आपणही निघायचं. हे काम मला मनापासून आवडतं. ए-७५ आणि ए-८९ या महामार्गांनी लांब पल्ल्याची वाहनं स्वतःकडे ओढून घेतली आहेत, त्यामुळे आतले जिल्हामार्ग मोकळे राहिले आहेत. डांबर चांगलं, वळणं प्रशस्त, आणि कधीकधी तासभरात दोन-तीन गाड्याच भेटतात.

पण या मुलखात शांत रस्त्यांचेही प्रकार आहेत, आणि ते जमिनीने ठरवले आहेत. उत्तरेकडे शेन दे प्वी ही सुमारे ८० ज्वालामुखींची रांग आहे. तिला २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. वयाने हे ज्वालामुखी कोवळे आहेत. सुटे सुटे शंकू, मधून वाट काढत जाणारे रस्ते, म्हणून चढ हप्त्याहप्त्याने येतो. थोडं चढलं की सपाटी, मग पुन्हा थोडं. दक्षिणेकडच्या सांसीच्या डोंगरांत मात्र असं नाही. तो मोठा, जुना ज्वालामुखी. हिमनद्यांनी त्याला चारी बाजूंनी कोरून काढलं, खोल दऱ्या पडल्या आणि मध्ये रुंद, उघड्या धारा राहिल्या. इथल्या रस्त्याला दुसरा पर्यायच नसतो. दरीतून वर चढा, धार ओलांडा, पलीकडे उतरा. धारेवर उन्हाळ्यात गुरं चरायला सोडतात, त्यामुळे सगळं गवताचं रान. आडोशाला झाड नाही, घर नाही, आणि ज्या शांततेसाठी आपण आलो तीच शांतता अडचणीच्या वेळी मदत लांब ठेवते. मार्ग आखताना मी सर्वांत जास्त वेळ घालवतो तो याच भागावर.

ही गोष्ट तिथलीच, जून महिन्यातली. आमचा मुक्काम म्युरोलला होता. त्या दिवशीचा बेत असा: म्युरोलहून बेस गाव, तिथून डी-३६ हा जिल्हामार्ग धरून मोनोमार्गे क्र्वा सें रोबेरची खिंड, पलीकडे मों-दोर गावात जेवण, आणि परतताना डी-९९६ने क्र्वा मोराँची खिंड ओलांडून लाक शांबों तळ्याच्या काठाने घरी. अंतर फार नाही, पण दोन्ही खिंडी १४०० मीटरच्या वर. पहिली १४५१, दुसरी १४०१. गट मराठी मंडळींचाच होता. त्यात साठी ओलांडलेल्या एक काकू होत्या. चढावर त्यांचं पायडल घड्याळासारखं चालायचं. तरणी पोरं दम टाकत थांबायची आणि काकू एका लयीत पुढे निघून जायच्या.

बेस सोडलं तेव्हा आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. मोनोच्या पुढे डावीकडे शोदफूरची दरी उघडते. हिमनदीने खोदलेली ती दरी, वर सांसीचे सुळके, कड्यांतून उभे राहिलेले लाव्हाचे दात. हा देखावा दाखवायला मी गटाला मुद्दाम या रस्त्याने आणतो. त्या दिवशी त्यांना अर्धीच दरी दिसली, कारण वरून ढग खाली सरकत होता. मी तिथेच सगळ्यांना थांबवून सांगितलं की खिंडीत पोचल्यावर कोणी फोटोसाठी रेंगाळायचं नाही, जॅकेट चढवायचं आणि एकत्र उतरायचं. इथून एक रस्ता खाली लाक शांबोंकडे जातो, ज्याला परतायचं असेल त्याने आत्ताच सांगावं, असंही विचारलं. कोणालाच परतायचं नव्हतं. चढ पाच-सहा टक्क्यांचा, अंग तापलेलं, सगळे खुशीत होते.

खिंडीच्या अलीकडे पाऊस लागला. बारीकच, पण आडवा. माथ्यावर पोचलो तेव्हा माझ्या सायकलच्या मीटरवर तापमान ५ अंश दाखवत होतं आणि रस्त्याच्या कडेचे खुंट वीस पावलांपलीकडे दिसत नव्हते.

काकू आधीच पोचल्या होत्या. सायकल दोन पायांत धरून उभ्या. जॅकेट अंगात घातलं होतं पण चेन उघडीच. त्या ती लावायचा प्रयत्न करत होत्या. उजव्या हाताचा अंगठा चेनच्या टोकाशी जायचा, त्याला टेकायचा आणि घसरायचा. पुन्हा टेकायचा, पुन्हा घसरायचा. बोटं मिटतच नव्हती. मी म्हटलं, "काकू, मी लावून देऊ?" त्या म्हणाल्या, "हो... ते... मागचं घे." कशाचं मागचं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. जीभ जड झाली होती. ओठ निळसर, आणि सगळं अंग थडथडत होतं.

हे नुसतं गारठणं नव्हतं. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली जाऊ लागलं की हीच लक्षणं दिसतात. हात चुकतात, पाय चुकतात, बोलणं अडखळतं. थडथड चालू आहे तोवर शरीर स्वतः उष्णता तयार करत असतं. ती थांबली आणि माणूस गप्प, सुस्त झाला, की गोष्ट गंभीर. चढावर घामाने आतली जर्सी ओली झालेली असते, ते कष्टांच्या भरात जाणवत नाही. माथ्यावर कष्ट थांबतात आणि वारा त्या ओल्या कापडावर लागतो. शिवाय काकू गटात सगळ्यांत आधी पोचल्या, म्हणून सगळ्यांत जास्त वेळ उभ्या राहिल्या. तब्येतीने चांगला माणूसच यात आधी सापडतो, हे मी इतरत्रही पाहिलेलं आहे.

एक तरुण म्हणाला, "दादा, सात-आठ किलोमीटर तर उतार आहे. पंधरा मिनिटांत मों-दोर. तिथे गरम कॉफी पाजू त्यांना." त्याचा हेतू चांगला होता. पण ५ अंशांत ताशी ३५ किलोमीटरने उतरताना अंगाला गारठा शून्याच्या आसपासचा जाणवतो, तोही कोरड्या अंगाला. ओल्याला त्याहून वाईट. उतारावर पाय चालत नाहीत, म्हणजे उष्णता तयार होत नाही. आणि मुख्य म्हणजे ज्या बोटांना चेन धरता येत नाही, ती ओल्या रिमवर ब्रेक कशी दाबणार? मी त्यांना सायकलच्या ब्रेकवर हात ठेवायला सांगितलं. लिव्हर निम्म्यापर्यंतही आली नाही. ते पाहिल्यावर तो तरुण काहीच बोलला नाही, उलट आपली कोरडी जर्सी पिशवीतून काढून पुढे केली.

फोनला रेंज नव्हती. पण त्याने मी घाबरलो नाही, कारण आमची एक रीत ठरलेली आहे. व्हॅन पलीकडच्या गावात उभी असते, आणि ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात गट खाली आला नाही तर चालकाने कोणाला न विचारता तोच रस्ता धरून वर यायचं. ठरल्या वेळेला अजून दहा मिनिटं होती. म्हणजे चाळीस मिनिटं अधिक चढून यायचा वेळ, एवढं आपल्याला निभवायचं होतं. तेवढ्यात थडथड थांबली असती किंवा काकू झोपाळू झाल्या असत्या, तर मात्र रेंज मिळेपर्यंत कोणाला तरी खाली पाठवून ११२ला फोन करायचा, हेही मनात पक्कं केलं.

रस्त्याच्या कडेला बांध होता, त्याच्या आडोशाला बसलो. वारा थोडा तुटला. गटातल्या दोघींनी मिळून काकूंचे ओले कपडे काढले, बाकी सगळे पाठ करून उभे राहिले, तो एक वाऱ्याला आडोसाच झाला. कोरडी जर्सी, कोणाची लोकरी टोपी, वरून माझ्या सामानातली, अंगाची ऊब धरून ठेवणारी चंदेरी पिशवी. ती आत शिरून गळ्यापर्यंत ओढायची असते. खाली बसायला रिकाम्या बॅगा घातल्या, कारण ओल्या जमिनीतून अंगातली ऊब भराभर निघून जाते. हातपाय चोळायचे नाहीत, हे मी सगळ्यांना बजावलं. मायेने तेच करावंसं वाटतं, पण ऊब आधी छाती-पोटाला द्यायची. दोघीजणी त्यांना दोन्ही बाजूंनी चिकटून बसल्या. साखरेचं पेय घोटाघोटाने दिलं, गिळता येतंय हे पाहून. चॉकलेटचा कागद सोडून तुकडा तोंडात भरवला.

मी त्यांना बोलतं ठेवलं. नातवाचं नाव काय, आज नाश्त्याला काय खाल्लं, काल कुठलं तळं पाहिलं. आदल्या दिवशी आम्ही लाक पाव्हें पाहिलं होतं, सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाने पडलेल्या खड्ड्यातलं, जवळजवळ गोल आणि ९० मीटरहून खोल. आधी त्यांना ते नाव आठवेना. दहाएक मिनिटांनी मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पाव्हें. तू काल दहा वेळा सांगितलंस." ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. आवाज अजून कापत होता, पण शब्द जागेवर होते.

त्या सावरल्या तसं आम्ही त्यांना उभं केलं आणि सगळेच सायकली हातात धरून मों-दोरच्या दिशेने चालू लागलो. काकूंची सायकल त्या तरुणाने घेतली. चालण्याने आतून ऊब येते आणि वाराही बेताचा लागतो. दोन-तीन वळणं उतरलो असू, तेवढ्यात धुक्यात पिवळे दिवे दिसले. व्हॅन होती. हीटर आधीच लावून ठेवलेला. चालकाने दार उघडलं आणि पहिलं वाक्य बोलला, "वेळ झाली, निघालो."

मों-दोरला काकूंना डॉक्टरांनी तपासलं, दिवसभर विश्रांती सांगितली, बाकी काही नाही. उरलेल्या गटालाही मी तिथेच थांबवलं. काहीजणांना क्र्वा मोराँ करायची होती, पण सगळ्यांचे हातमोजे पिळून निघत होते आणि ढग तसाच होता.

एक दिवस गेला, ऊन पडलं, आणि काकू म्हणाल्या की राहिलेला अर्धा रस्ता मला पुरा करायचाय. सायकली व्हॅनमध्ये टाकून मों-दोरला गेलो आणि तिथून क्र्वा मोराँ चढलो. माथ्यावर लख्ख आभाळ होतं. काकूंनी सायकल आडवी करायच्या आधी जॅकेट घातलं, चेन वरपर्यंत ओढली आणि नुसत्या जर्सीवर फोटो काढणाऱ्यांना दम भरला, "आधी अंगात घाला, मग काय काढायचं ते काढा." सगळ्यांनी निमूट ऐकलं.

उतारावर मी त्यांच्या मागे होतो. ब्रेक त्या सुरेख मारत होत्या, वळणाआधी, दोन्ही हातांनी सारखा. खाली लाक शांबोंच्या काठी थांबल्यावर मी तार्तारे ज्वालामुखीचा शंकू दाखवत होतो, याच्यामुळे ही नदी अडली आणि तळं झालं वगैरे. काकूंचं लक्ष नकाशाकडे होतं. त्यांनी दक्षिणेला, काँतालच्या डोंगरावर बोट ठेवलं.

"तो पा द पेरोल किती उंच म्हणाला होतास?"

"१५८८ मीटर. मध्य फ्रान्सच्या या सगळ्या पठारावरचा सर्वांत उंच डांबरी घाट. हिवाळ्यात बर्फाने बंद असतो, सहसा मे महिन्याशिवाय उघडत नाही."

"मग पुढच्या जूनमध्ये. आणि ती चंदेरी पिशवी कुठे मिळते ते लिहून दे, मला माझी स्वतःची हवी."