आमची वाटचाल: साध्या मागावरून सुल्झरवर

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी बसवला. आमच्या वडिलांचे चार माग त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले, तेही भाड्याच्या शेडमध्ये. आम्ही तेव्हा खर्चीवाले. सुताचे बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचे रूळ, व्यापाऱ्याचे, कापडही त्याचंच, मधली मजुरी तेवढी आपली. ही मजुरी पिकावर ठरते. एका इंचात आडवे धागे जितके, तितके पिक. 52 पिकाच्या पॉपलीनला पिकामागं एक पैसा वाढला की मीटरला 52 पैसे जास्त मिळतात. त्या एका पैशासाठी वर्षानुवर्षं ओढाताण चालते.

1 जानेवारी 2005 ला कापड व्यापारातला कोटा, म्हणजे देशवार आयातीची मर्यादा, जगभर उठला आणि गावात ज्याच्या-त्याच्या तोंडी निर्यात आली. 1999 पासूनची टफ योजना, म्हणजे नव्या यंत्रांच्या कर्जाला सरकारी सवलत, होतीच, बँका कर्जाला तयार होत्या. तिकडं युरोपातल्या गिरण्या बंद पडत होत्या, त्यांचे वापरलेले सुल्झर, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याशिवाय चालणारे वेगवान माग, इकडं येऊ लागले. आम्हीही घेतले. बटणांवरच्या पट्ट्या इटालियनमध्ये होत्या, जॉबरनं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्यानं, त्यावर खडूनं मराठीत लिहून घेतलं. एका मागाच्या बाजूला कुणीतरी खिळ्यानं आपलं नाव कोरलेलं. त्याचं काम गेलं म्हणून ते यंत्र आमच्या शेडमध्ये आलं, एवढा हिशेब कळत होता. त्यामुळं जागतिकीकरणानं आम्हाला फक्त लुटलं, असं मी म्हणत नाही.

पुढं पाळी आमची आली. 2011 मध्ये बांगलादेशच्या तयार कपड्यांना आपल्याकडं शुल्कमाफी मिळाली. 2017 ला जीएसटी आला आणि आयातीवरचा उरलासुरला प्रतिशुल्काचा, म्हणजे देशी कराच्या बरोबरीनं आयात मालावर लागणाऱ्या शुल्काचा, आडोसाही गेला. कापड चीनचं, शिलाई बांगलादेशची आणि शर्ट आपल्या मॉलमध्ये. आमचं ग्रे, म्हणजे रंग-धुलाई न झालेलं, कापड घेणारे गार्मेंटवाले तोच शर्ट समोर टाकून भाव पाडून मागायचे. गरीब देशाला सवलत द्यावी, याला माझी ना नाही. पण तिची किंमत दिल्लीनं भरली नाही, शेडवाल्यांनी भरली.

2022 च्या मे महिन्यात कापसाची 356 किलोची खंडी लाखावर गेली. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले असतील तर चांगलंच. तोपर्यंत आम्ही खर्ची सोडली होती, स्वतः सूत घेऊन कापड विकत होतो. सुताचा दर रोज नवा आणि कापडाचा सौदा महिन्यापूर्वीचा! सूतगिरणी परदेशात विकू शकते, ब्रँड परदेशातून घेऊ शकतो. मधला यंत्रमागवाला शेड उचलून कुठं जाणार? त्याच सुमारास वडिलांचे चारही साधे माग किलोच्या भावानं भंगारात गेले. भंगारवाल्यानं लाकडी धोटे घेतले नाहीत, ते अजून माळ्यावर आहेत.

हे सुधारेल का, असं आमच्याकडं येणारी कॉलेजची मुलं विचारतात. दारं लावून घ्या, हा उपाय मला पटत नाही. मे 2025 मध्ये बांगलादेशी कपडे जमिनीवरून यायचे बंद झाले, फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरं उघडी राहिली. आम्हाला जरा बरं वाटलं. ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं आणि आमचं कापड घेणाऱ्या निर्यातदारानं ऑर्डर थांबवली. दार आपण लावलं की समोरचाही लावतो.

त्यापेक्षा बंदरावर कापड मुळात कुठलं ते नीट तपासा. छोट्या मागवाल्यांना घाऊक भावानं सूत देण्याची सूत बँकेची योजना कागदावर बरी होती, तशी सोय चार मागवाल्यापर्यंत पोचू द्या. आणि पैसे वेळेवर मिळू द्या. छोट्या उद्योगाचं बिल 45 दिवसांत भागवलं नाही तर त्या वर्षी तो खर्च आयकरात धरायचा नाही, ही तरतूद एप्रिल 2024 पासून लागू झाली. तेव्हा एका जुन्या पार्टीनं सांगितलं, ‘उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारकडची नोंद) रद्द करा, मग माल घेतो.’ आम्ही केली नाही. पार्टी गेली.

सध्या सुल्झरवर शाळेच्या गणवेशाचं कापड चालू आहे. सुताचा दर पक्का झाल्याशिवाय सौदा करत नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि 45 दिवसांची अट छापलेली असते. ती बघून काही जण परत फिरतात. उरलेले पैसे देतात, त्यातले निम्मे साठाव्या दिवशी.