मीटरचं शून्य

व्होल्ट, करंट आणि रोध मोजणारा मल्टिमीटर घरात आला तेव्हा पहिले दोन दिवस मी दिसेल ते मोजत सुटलो. रिमोटचे सेल, घड्याळाचे सेल, टॉर्चचे सेल. अंगावर १.५ व्होल्ट छापलेला नवा सेल १.६ दाखवतो, याचा उगीचच आनंद झाला. कुणीतरी मापात पदरचं घालून दिल्यासारखा. मग मीटरचे दोन प्रोब, म्हणजे वायरींच्या टोकाच्या धातूच्या सुया, दोन चिमटींत धरून स्वतःलाच मोजलं. रोधाचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, आकडा काही लाख ओहमांच्या आसपास नाचत होता. बोटं ओली केली, तर तो धाडकन खाली आला. ‘ओल्या हाताने स्विचला हात लावू नकोस’ हे लहानपणापासून ऐकलेलं वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा आकड्यात दिसलं.

यंत्र तसं फार आज्ञाधारक. अडचण तीच आहे. नॉब फिरवून तुम्ही जे विचाराल त्याचंच उत्तर देतं. प्रश्न चुकला असेल तर चुकलाय म्हणून सांगत नाही.

व्होल्टेज मोजताना मीटर बाजूला उभा राहून बघतो. त्याचा स्वतःचा रोध तेव्हा साधारण एक कोटी ओहम असतो, त्यामुळे सर्किटमधून तो जवळजवळ काहीच घेत नाही. करंट मोजायचा तर वायर तोडून त्याला मध्ये बसवावं लागतं, सगळा प्रवाह त्याच्या पोटातून जातो आणि वाट अडू नये म्हणून तिथे रोध जवळजवळ नसतोच. एका छोट्या मोटरचा करंट मोजल्यावर लाल प्रोब मी १० अँपिअरच्या भोकातच विसरलो. दुसऱ्या दिवशी नॉब व्यवस्थित व्होल्टवर फिरवला आणि प्रोब भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातले. नॉब कुठे आहे याला काही अर्थच नव्हता. फेज आणि न्यूट्रल मी चक्क एका वायरच्या तुकड्याने जोडले होते. फाट्‌कन आवाज, एमसीबी खाली, प्रोबचं टोक वितळून बोथट. नंतर पाहिलं तर त्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत ‘अनफ्यूज्ड’, म्हणजे आत फ्यूज नाही, असं छापलेलं होतं. मीटरवरची बारीक अक्षरं मी तेव्हापासून वाचायला लागलो. मीटर कुठे वापरायचा ते ‘कॅट’ सांगतं: ‘कॅट टू’ म्हणजे सॉकेटला लावायची उपकरणं, ‘कॅट थ्री’ म्हणजे इमारतीचं पक्कं वायरिंग आणि वितरण बोर्ड, ‘कॅट फोर’ म्हणजे बाहेरून वीज आत येते ती जागा. नुसते व्होल्ट बघून भागत नाही. उगमाच्या जितकं जवळ जावं तितका लाइनवरून अचानक येणाऱ्या लाटेचा तडाखा मोठा.

ही गफलत मुळात सोयीतून जन्मलेली आहे. ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकेडी या इंजिनिअरला वेगवेगळी मीटरं वागवत फिरण्याचा कंटाळा आला आणि १९२३ साली अँपिअर, व्होल्ट, ओहम या तिन्हींना एका खोक्यात बसवणारा ‘अ‍ॅव्होमीटर’ बाजारात आला. तीन मीटर वेगळे होते तेव्हा निदान चुकीच्या भोकात प्रोब राहण्याचा प्रश्न नव्हता!

पण त्या फटाक्याची मला आता भीती वाटत नाही. तो आवाज तरी करतो. भीती वाटते ती शून्याची.

एकदा बल्बचा होल्डर बदलायचा होता. वायरींना प्रोब लावले, शून्य. हात पुढे गेलाही होता, तेवढ्यात नॉबकडे लक्ष गेलं. तो डीसीवर, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेच्या विजेवर होता. घरातली सतत दिशा बदलणारी एसी लाइन डीसीवर मोजली की मीटर निर्विकारपणे शून्याच्या जवळपास काहीतरी दाखवतो. नॉब फिरवला आणि पडद्यावर पूर्ण व्होल्टेज उभं राहिलं.

वीज खरंच बंद असेल तरी शून्य. प्रोबची वायर आतून तुटली असेल, टोक नीट टेकलं नसेल, रेंज चुकली असेल, तरीही शून्यच. चारही शून्यं दिसायला सारखी. म्हणून जाणते इलेक्ट्रिशियन आधी हमखास चालू असलेल्या ठिकाणी मीटर लावून बघतात, मग कामाच्या वायरीला, आणि मग पुन्हा त्या चालू ठिकाणी. तिसऱ्या खेपेचा सगळ्यांना कंटाळा येतो. मलाही. पण मधल्या मोजणीच्या वेळीच मीटर मेला असेल, तर ते कळायची वाट तेवढीच.

उलटंही होतं. स्विच बंद असताना वायरीवर चाळीस-पन्नास व्होल्ट दिसतात. शेजारून जाणाऱ्या चालू वायरीची ती सावली. मीटर इतका हलका की त्याला तीही जाणवते. त्या व्होल्टेजवर जुना तारेचा बल्ब मिणमिणतही नाही. पण प्रत्येक वेळी सावलीच असेल असं समजून मोकळं होऊ नये, गळतीही असू शकते. (ओहम मोजताना मात्र वीज बंदच हवी आणि वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे, मीटर तिथे स्वतःचा करंट सोडत असतो.)

परवा पुन्हा होल्डरचं काम निघालं. पंख्याचा सॉकेट मोजला, वर चढून होल्डर मोजला, खाली उतरून परत सॉकेटकडे आलो.

“अरे, पंखा चालू आहे की. तिथे काय मोजतोयस?” आई म्हणाली.

“मीटर,” म्हटलं, आणि स्टूल पुन्हा होल्डरखाली सरकवलं.